शंभराचा दावा, दोनशेची मागणी

एका माणसाचे दुसऱ्याकडे शंभर नाणी येणे आहेत. कागद नाही, साक्षीदार नाही. देणेकऱ्याने सगळेच नाकारले तर हाती काही लागणार नाही, हे धनकोला ठाऊक आहे. ज्यू कायद्याचा मूळ नियम असा की जो दावा पूर्ण नाकारतो त्याच्यावर शपथ येत नाही. जो थोडे कबूल करून उरलेले नाकारतो त्याला मात्र उरलेल्याबद्दल शपथ घ्यावी लागते. मग धनको हिशेब करतो. शंभरच्या जागी दोनशे मागावेत, देणेकरी शंभर कबूल करील, बाकीच्या शंभरासाठी शपथेला बांधला जाईल, आणि एकदा शपथेला उभा राहिला की जुन्या एखाद्या भानगडीची शपथही त्याच्या गळ्यात घालता येईल. येणे खरे आहे आणि माणूस खरा आहे. फक्त आकडा खोटा. हे चालेल का? ताल्मुदाच्या शवुओत या भागात हा प्रश्न विचारला आहे आणि उत्तर सरळ आहे: चालणार नाही. आधार म्हणून खोट्यापासून दूर राहण्याची निर्गम ग्रंथातली आज्ञा दिली आहे.

पुढचा प्रश्न याहून बारीक आहे. आता देणेकऱ्याच्या बाजूने पाहा. तो खरोखर शंभर देणे लागतो आणि समोरच्याने लबाडीने दोनशे मागितले आहेत. देवाच्या नावाने शपथ घ्यायची त्याला धास्ती आहे. तो विचार करतो, न्यायालयात सगळेच नाकारू, बाहेर आलो की गुपचूप शंभर मोजून देऊ. पैसे बुडत नाहीत, शपथ टळते. ताल्मुद म्हणतो, हेही नाही. लबाडाने आधी लबाडी केली म्हणून तुला खोटे बोलण्याची मोकळीक मिळत नाही.

मुळशी तालुक्यात दिवाणी काम केलेल्या कोणत्याही वकिलाला हे दोन्ही डाव घरचे वाटतील. दाव्याची रक्कम फुगवणे आणि नुकसानभरपाईचा आकडा ‘नंतर तडजोडीला जागा हवी’ म्हणून वाढवून टाकणे हा पहिला डाव. दुसरा तर आमच्या कैफियतीचा पहिला परिच्छेदच आहे: वादीच्या अर्जातील संपूर्ण मजकूर खरा व बरोबर नसून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. या वाक्यात वादीचे नाव, गट नंबर आणि कधीकधी प्रतिवादीचे स्वतःचे वडीलसुद्धा नाकारले जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशातले नियम 3 ते 5 सांगतात की नकार मोघम नसावा, प्रत्येक मुद्द्याला नेमके उत्तर द्यावे. कायदा 1908 चा आहे. परिच्छेद अजून तोच आहे.

हे पुस्तक वकिलाच्या धर्माविषयी आहे आणि ते दोन परंपरा शेजारी ठेवते. एक ज्यूंची हलाखा, म्हणजे तोरा, मिश्ना, ताल्मुद आणि त्यांवरच्या भाष्यांतून घडलेला आचारकायदा. दुसरी आपण ज्याला धर्मनिरपेक्ष म्हणतो ती इंग्लंडात रुजलेली आणि आपल्या कोर्टांनी उचललेली रीत. तिच्यात दोन वकील दोन टोकांनी ओढतात, न्यायाधीश मध्ये बसतो आणि त्या ओढाताणीतून खरे बाहेर येईल असा भरवसा धरला जातो. कोळवणसारख्या गावातल्या वाचकाने याकडे का वळावे, हे सांगणे प्रस्तावनाकाराचे काम. भातखाचरांच्या या खोऱ्यात ज्यू वस्ती असल्याचे माझ्या ऐकिवात नाही, ताल्मुद तर दूरच. पण जमिनीचे दावे आहेत, आणि हे पुस्तक माझ्या मते खुनाच्या खटल्यांपेक्षा त्यांच्याच कामाचे आहे. ते कसे, ते हळूहळू येईल.

आधी महाराष्ट्राचा आणि या परंपरेचा संबंध. कोकणातले बेने इस्राएल आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणून माहीत आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, आडनावाला गावाचे ‘कर’ लावणारे आणि घरात मराठी बोलणारे हे लोक. त्यांच्याकडे शतकानुशतके ताल्मुदाची पोथी नव्हती आणि रब्बीही नव्हते. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि शमा ही प्रार्थना एवढ्यावर समाज टिकला. धार्मिक विधी काझी करीत. मुंबईत 1796 मध्ये पहिले सिनेगॉग उभे राहिल्यावर जमातीचा कारभार मुकादम, चौगुला, गबाय अशा पदाधिकाऱ्यांकडे आला. यातली निम्मी नावे आपल्या गावगाड्यातली आहेत, आणि भांडणे मिटवण्याची तऱ्हाही बरीचशी तिथलीच होती: जमात बसायची, दोन्ही बाजू समोरासमोर बोलायच्या. म्हणून आपल्या मातीत ज्यू न्यायनीती ग्रंथातून उतरली असा दावा करणे खोटे ठरेल, आणि या विषयावर लिहिताना तर ते फारच वाईट दिसेल. पुण्यात लष्करातले लाल देऊळ आणि रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो ही सिनेगॉग आजही उभी आहेत; पण त्यांच्या ओसरीवर पक्षकारांचे वकील कधी भांडले नाहीत.

ते भांडले मुंबई उच्च न्यायालयात. भारतात ज्यूंच्या विवाह-घटस्फोटासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. त्यामुळे 1920 च्या दशकात एका ज्यू दांपत्याचा वाद मुंबईत आला तेव्हा प्रश्न पडला की हे कोर्ट तो ऐकू शकते का, आणि कोणत्या कायद्याने. कोर्टाने म्हटले, ऐकू शकते आणि ज्यू कायदा लावून ऐकू शकते. म्हणजे हलाखा इंग्रजी पद्धतीच्या कोर्टात आली आणि काळ्या कोटातल्या दोन वकिलांनी तिच्यावर दोन बाजूंनी युक्तिवाद केला. मूळ हलाखेला मात्र असा वकील फारसा मान्यच नव्हता. हा विरोधाभास या पुस्तकाचे प्रवेशद्वार आहे.

ज्यू न्यायसभेत, म्हणजे बेथ दीनमध्ये, पक्षकाराने स्वतः उभे राहून स्वतःच्या तोंडाने बोलावे अशी अपेक्षा असे. एक पक्ष हजर नसताना दुसऱ्याचे ऐकणे न्यायाधीशाला मना. एक भरजरी वस्त्रात आणि दुसरा फाटक्यात आला, तर श्रीमंताला सांगायचे की एक तर याच्यासारखे कपडे घाल किंवा याला तुझ्यासारखे घाल. पैशाच्या वादात दोन्ही बाजूंनी एकेक न्यायाधीश निवडायचा आणि मग तिसरा नेमायचा, ही रीत मिश्नात आहे. आपल्या पेशवाईतल्या पंचायतीची आठवण व्हावी असे हे चित्र आहे. तिथेही वादी-प्रतिवादी निवाडा मानण्याचा राजीनामा आधी लिहून देत, जामीन देत, आपापली तकरीर स्वतः मांडत. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने भांडणारा व्यावसायिक मध्ये नव्हता. तो कंपनी सरकारच्या अदालतींबरोबर आला आणि 1827 च्या एल्फिन्स्टन कोडानंतर आपल्याकडे पक्का बसला.

‘अबोत’ या नीतिवचनांच्या संग्रहात येहूदा बेन तब्बाई न्यायाधीशांना बजावतो की वकिली करू नका, म्हणजे पक्षकाराला काय बोलावे ते सुचवू नका. पुढच्यांनी ही बंदी न्यायाधीशापुरती न ठेवता जाणत्या माणसाने पक्षकाराला डाव शिकवण्यापर्यंत नेली. पण माणूस म्हटला की नाती आली. ताल्मुदाच्या कतुबोत भागातली रब्बी योहानानची गोष्ट मला या सगळ्या साहित्यात फार आवडते. त्याच्या नात्यातल्या काही जणांवर सावत्र आईच्या पोटापाण्याची आणि औषधपाण्याची जबाबदारी होती. बाई आजारी, रोज औषध लागे. नियम असा की रोजचा अनिश्चित खर्च पोटगीत धरला जाई आणि तो वारसांनी सोसायचा. ठरावीक रकमेचा उपचार मात्र तिच्या स्वतःच्या विवाहकरारातल्या पैशांतून जाई. योहानानने नातलगांना सल्ला दिला: वैद्याशी एकरकमी ठरवून टाका. बाईचा खर्च बाईच्याच पैशांवर गेला. सल्ला कायद्याच्या अक्षरात शंभर टक्के बसणारा. आजच्या चार्टर्ड अकाउंटंटने याबद्दल फी घेतली असती आणि दिवाळीला मिठाईही. योहानानला मात्र नंतर पस्तावा झाला: आपण त्या वकिली करणाऱ्यांसारखेच वागलो. ताल्मुद पुढे विचारतो, मग आधी त्याने काय म्हणून सल्ला दिला? आपल्या रक्ताच्या माणसाकडे पाठ फिरवू नये म्हणून. मग पस्तावला कशाला? मोठ्या माणसाची गोष्ट वेगळी असते म्हणून.

इथे कुणी खोटे बोलले नाही, कुणाला फसवले नाही. तरीही ताल्मुदाने हा सल्ला नोंदवून ठेवला आणि त्याच्या शेजारी तो पस्तावाही. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत अशा पस्ताव्याला जागा नाही, आणि नियमावलीत ती असावी असेही मी म्हणत नाही. पण कायदेशीर आहे म्हणजे योग्य आहे हे समीकरण आपल्या पेशात इतके मुरले आहे की त्याला धक्का देणारी ही गोष्ट लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षालाच वाचून दाखवली पाहिजे.

धर्मनिरपेक्ष परंपरेची बाजू आता नीट मांडली पाहिजे, कारण तिला झोडपणे सोपे आहे. 1840 मध्ये लंडनला कूर्व्हाझिए नावाच्या नोकराने धन्याचा खून केल्याचा खटला चालू होता. मध्येच त्याने आपला वकील चार्ल्स फिलिप्स याला सांगितले की खून मीच केला, पण तुम्ही माझा बचाव सोडू नका. फिलिप्सने खटल्यात बसलेल्या दुसऱ्या न्यायाधीशाचा सल्ला घेतला आणि बचाव चालू ठेवला. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला वर्षानुवर्षे सोलून काढले. पण त्या वागण्यामागे विचार होता. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायचे काम वकिलाचे नाही. वकिलानेच आधी निकाल दिला, तर ज्याच्याबद्दल सगळ्यांचे मत वाईट आहे त्याला कोर्टात तोंडच उरत नाही. आपल्या 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेले नियम हेच सांगतात. पंधरावा नियम म्हणतो, आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचे मत काहीही असो, बचाव करा. सोळावा सरकारी वकिलाला बजावतो की निर्दोषाला शिक्षा होईल असे काही करू नका आणि निर्दोषपणाचा पुरावा दडपू नका.

भूमिका आणि माणूस वेगळे ठेवण्याची ही रीत मराठी माणसाने फार जवळून पाहिली आहे. 1897 मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी मुंबईत बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. 1908 मध्ये तेच दावर न्यायाधीश होते. जिनांनी टिळकांसाठी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला आणि 22 जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. महाराष्ट्राने दावरांना क्षमा केली नाही. पण धर्मनिरपेक्ष नीतीच्या कसोटीवर या बदलात काही वावगे नाही, कारण वकील म्हणून केलेला युक्तिवाद हे वकिलाचे मत नसतेच. लोकांना जे विश्वासघातासारखे वाटले तेच व्यावसायिक नीतीचे मूळ गृहीतक आहे. टिळक स्वतः एलएल.बी. होते आणि पुण्यात लॉ क्लास चालवत. त्यांना हे गृहीतक चांगलेच माहीत असणार.

ज्यू परंपरेची गाठ या गृहीतकाशी पडली ती आपल्याच राज्यात. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गाव्ह्रिएल होल्त्सबर्ग, त्यांची पत्नी रिवका आणि आणखी चौघे ज्यू मारले गेले. पुढे हल्लेखोर अजमल कसाबवर खटला उभा राहिला तेव्हा त्याचे वकीलपत्र घेणार नाही असा ठराव वकिलांच्या एका संघटनेने केला. मार्च 2009 मध्ये अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या वरळीच्या घरावर दगड आले. पुढे त्या एका जखमी साक्षीदाराच्या भरपाईच्या प्रकरणातही वकील असल्याचे पुढे आले आणि हितसंबंधांच्या आडकाठीमुळे त्यांना दूर केले गेले. मग अब्बास काझमी आले, त्यांनाही नोव्हेंबरात बाजूला केले, शेवटी के. पी. पवारांनी बचाव सांभाळला. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन न्यायमित्र म्हणून उभे राहिले. 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात फाशी कायम झाली. पण त्याच निकालात कोर्टाने देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना बजावले की आरोपी पहिल्यांदा समोर आणला जाईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. कसाबमुळे हा आदेश मिळालेले हजारो गरीब कच्चे कैदी त्याचे नावही घेणार नाहीत, आणि घेऊ नयेच. त्याआधी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितले होते की ‘अमक्याचा बचाव करणार नाही’ असे संघटनांचे ठराव बेकायदा आहेत.

आता हाच प्रसंग हलाखेच्या डोळ्यांनी पाहू. वाचकाला वाटेल, ज्या परंपरेला वकीलच नको ती म्हणेल, कसाबला वकील कशाला? उत्तर उलटे आहे. सॅनहेद्रिन भागातली मिश्ना पैशाचे दावे आणि प्राणांचे खटले काटेकोर वेगळे करते. पैशाच्या दाव्यात कुणीही कुठल्याही बाजूने बोलू शकते. प्राणांच्या खटल्यात सुटकेच्या बाजूने कुणीही बोलावे, अगदी पुढे बसलेल्या विद्यार्थ्यानेही. त्याला आरोपीच्या बाजूचा मुद्दा सुचला तर त्याला वर न्यायाधीशांत नेऊन बसवायचे. दोषाच्या बाजूने मात्र विद्यार्थ्याला तोंड उघडता येत नाही. सुटकेचा निकाल फिरवता येत नाही, शिक्षेचा फिरवता येतो. कबुलीजबाबावर शिक्षा नाही, कारण माणूस स्वतःला दुष्ट ठरवू शकत नाही. आणि सगळ्यांत थक्क करणारा नियम: सगळे न्यायाधीश पहिल्या फटक्यात एकमताने दोषी म्हणाले, तर आरोपी सुटतो. ज्या सभेत एकालाही त्याच्या बाजूचा मुद्दा सुचला नाही त्या सभेवर विश्वास कसा ठेवायचा?

म्हणजे बचावाचे काम या परंपरेनेही सांगितले आहे. फक्त ते भाड्याने घेतलेल्या वकिलावर न टाकता न्यायाधीशांच्याच खांद्यावर ठेवले आहे. आणि कोर्टाबाहेरच्या ज्यू जगाला ते झेपले का? नेहमी नाही. 1961 मध्ये जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइखमानवर खटला चालला तेव्हा इस्राएलने कायद्यात बदल करून परदेशी वकिलाला मुभा दिली. जर्मन वकील सर्वाशियस आला आणि त्याची फी इस्राएल सरकारने भरली. 1988 मध्ये नाझी छावणीतला ‘इवान द टेरिबल’ नावाने कुप्रसिद्ध पहारेकरी हाच, असे ठरवून देम्यान्युकला फाशी सुनावली गेली. त्याचा इस्राएली वकील योराम शेफ्टेल याच्या तोंडावर नाझी संहारातून वाचलेल्या एका वृद्धाने अॅसिड फेकले. वरळीला दगड, जेरुसलेमला अॅसिड. 1993 मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने देम्यान्युकला सोडले, कारण तो माणूस हाच की नाही याबद्दल शंका उरली होती. शेफ्टेल उभा राहिला नसता तर ती शंका कुणी मांडली असती, हा प्रश्न सॅनहेद्रिनच्या मिश्नाने विचारला असता.

कसाब खटल्यातली आणखी एक गोष्ट या पुस्तकाच्या विषयाला नेमकी भिडते. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली ही बातमी तेव्हा घराघरांत पोचली होती. मार्च 2015 मध्ये जयपूरला बोलताना सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी सांगितले की त्याने बिर्याणी कधीच मागितली नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीची हवा तयार होत होती, ती मोडण्यासाठी बिर्याणीची गोष्ट आपणच सांगितली होती. ते मूळ विधान कोर्टाबाहेर, पत्रकारांसमोर केलेले. निकालावर त्याचा परिणाम झाला असे म्हणता येणार नाही. पुरावा डोंगराएवढा होता. धर्मनिरपेक्ष नियमावली उघडून यावर बोट ठेवायचे तर कलम शोधावे लागेल, कारण तिचे बहुतेक नियम कोर्ट, अशील आणि समोरचा वकील यांच्याभोवती फिरतात. हलाखेला शोधावे लागत नाही. खोट्यापासून दूर राहा ही आज्ञा कोर्टाच्या दारापाशी थांबत नाही. शवुओतमधला शिष्य तर गुरूच्या खऱ्या दाव्यासाठीही नुसता साक्षीदारासारखा गप्प उभा राहू शकत नाही. माझे मत विचाराल तर या एका मुद्द्यावर जुनी आज्ञा आजच्या वकिलाला जास्त उपयोगी आहे. कॅमेरा कोर्टाच्या पायरीवर आला आहे आणि आपले नियम अजून आत बसले आहेत.

गुप्ततेच्या प्रश्नावर मात्र मी इतक्या सहज बाजू घेणार नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेले बाहेर जाऊ नये हा नियम पुरावा कायद्याच्या 126 व्या कलमात 1872 पासून होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132 व्या कलमात आहे. जुन्या कलमातली उदाहरणे छान होती: ‘मी बनावट कागद केला, माझा बचाव करा’ हे गुप्त, ‘बनावट कागदाच्या जोरावर मालमत्तेचा ताबा घ्यायचा आहे, दावा लावा’ हे गुप्त नाही. झालेला गुन्हा झाकला जातो, होऊ घातलेला नाही. पण मध्ये एक जागा मोकळी राहते, जिथे गुन्हा नाही आणि जीव मात्र जातो. अमेरिकेत मिनेसोटात 1956 मध्ये डेव्हिड स्पॉल्डिंग हा तरुण मोटार अपघातात जखमी झाला. विरुद्ध बाजूच्या डॉक्टरला त्याच्या महारोहिणीत फुगवटा दिसला, जो कधीही फुटू शकला असता. त्या बाजूच्या वकिलांना हे कळले, तरुणाला नाही. 6500 डॉलरवर तडजोड झाली. सुदैवाने सुमारे दोन वर्षांनी दुसऱ्या तपासणीत फुगवटा सापडला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तडजोड रद्द करणे योग्य ठरवले, पण वकिलांनी तेव्हा सांगायलाच हवे होते असे म्हटले नाही.

लेवीय ग्रंथाच्या 19 व्या अध्यायातल्या सोळाव्या वचनात दोन आज्ञा एकाला एक लागून आहेत: चुगल्या करीत हिंडू नकोस, आणि शेजाऱ्याच्या रक्ताशी स्वस्थ उभा राहू नकोस. पहिली तोंड बंद करते, दुसरी उघडायला लावते. बहुतेक भाष्यकार जीव धोक्यात असेल तिथे दुसरीला वर ठेवतात. स्पॉल्डिंगच्या बाबतीत हलाखेचे उत्तर स्पष्ट आहे: सांगा. माझेही मन तिकडेच जाते. तरी गावच्या वकिलाच्या खुर्चीत बसल्यावर दिसते की लोक मोकळे बोलतात ते याच भरवशावर की साहेबांच्या पोटातून बाहेर येणार नाही. बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलते, भाऊ भावाच्या जमिनीबद्दल. तो भरवसा एकदा फुटला की पुढची बाई येत नाही. पुस्तकात हा वाद निकाली काढलेला नाही. ते बरे झाले.

आता मी ज्यासाठी ही प्रस्तावना लिहायला घेतली तिकडे येतो. वरचे बहुतेक गाजलेले प्रसंग फौजदारी आहेत, कारण वकिलाच्या नीतीवर बोलताना सगळ्यांना खुनीच आठवतो. आपल्या पेशाने इथे एक हातचलाखी केली आहे. फाशीच्या छायेत उभ्या असलेल्या माणसासाठी जी एकतर्फी निष्ठा लागते ती घेतली आणि ती जशीच्या तशी सातबाऱ्याच्या दाव्यात लावली. बहिणीचे हक्कसोडपत्र तिला न वाचता सही करायला लावलेले आहे हे माहीत असून ते दाखल करायचे. म्हातारीच्या अंगठ्याचे कुलमुखत्यारपत्र, एकाच तुकड्याची दोघांना दिलेली साठेखते, ताबा नसताना ताब्याचे प्रतिज्ञापत्र, आणि तारीख पे तारीख असे करून दमवलेला समोरचा पक्ष. विचारले तर उत्तर तयार: अशिलाचा बचाव हे माझे कर्तव्य. कसला बचाव? इथे कुणाचे प्राण जात नाहीत, राज्य अंगावर आलेले नाही. दोन शेतकरी आहेत, बहुधा सख्खे भाऊ.

हलाखेने नेमकी हीच रेषा मारली होती. प्राणांच्या खटल्यात झुकते माप, पैशाच्या दाव्यात दोन्हीकडे सारखे आणि खोट्याला कुणाच्याच बाजूने जागा नाही. शंभराचे दोनशे करू नका हा नियम पैशाच्या दाव्याचाच आहे. आणि हा विचार आपल्या जिल्ह्याला परका नाही. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्या दंग्यांनंतर सरकारने 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात न्यायाधीशाला सांगितले होते की खतावर विसंबू नका, व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासा. दाव्याआधी सलोख्याचा प्रयत्न सक्तीचा. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाला उभे राहायला मनाई. आणि शेतकऱ्याला वकिलाची गरज आहे असे न्यायाधीशाला वाटले तर तो नेमून देता येई. साम्राज्याच्या स्वतःच्या कोर्टांनी स्वतःच्या पद्धतीवर दाखवलेला एवढा अविश्वास क्वचितच कायद्यात उतरला असेल. तो कायदा साधला की फसला यावर इतिहासकारांनी वाद घालावा. मला एवढेच म्हणायचे आहे की कर्ज आणि जमीन यांच्या दाव्यात बेधडक वकिली चालू देऊ नये, ही कल्पना आपल्याच मातीत एकदा कायदा झाली होती आणि तिला धर्माची गरज लागली नव्हती.

खुद्द इंग्रजी भाषेच्या वकिली परंपरेतही हे बोलणारे होते. बाल्टिमोरच्या डेव्हिड हॉफमनने 1836 मध्ये वकिलांसाठी छापलेल्या संकल्पांत म्हटले होते की देणे खरे असेल तर मुदत संपल्याचा मुद्दा मी मांडणार नाही. गांधींनी दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांचे प्रकरण लवादाने मिटवून घेतले आणि जिंकलेल्या अशिलाला हरलेल्याकडून पैसे हप्त्याने घ्यायला लावले. आपल्या बार कौन्सिलचा चौथा नियमही कुणी वाचत नाही. तो सांगतो की वकील म्हणजे अशिलाचे नुसते तोंड नव्हे. अशील गैरमार्गाला जात असेल तर त्याला आवरा, आणि ऐकत नसेल तर सोडा. म्हणजे निदान कागदावर तरी दोन परंपरांमधले अंतर वाटते तेवढे नाही. अंतर आहे ते यात की एकीने हा विचार मध्यभागी ठेवला आणि दुसरीने नियम क्रमांक चारमध्ये.

ज्यू परंपराही जिथल्या तिथे थांबलेली नाही, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. इस्राएलच्या धार्मिक न्यायालयांत आज परवानाधारक धार्मिक वकील आहेत, आणि 1990 च्या दशकापासून त्यांत स्त्रियाही आहेत. घटस्फोटासाठी अडवून ठेवलेल्या बायकांना त्यांचा मोठा आधार झाला. येहूदा बेन तब्बाईला हे कसे वाटले असते कोण जाणे. पण जिला नवरा सोडत नाही आणि न्यायसभा ऐकत नाही तिला स्वतःच्या तोंडाने बोल असे सांगणे हा न्याय नव्हे, हे त्या परंपरेलाही कबूल करावे लागले. वकिलाशिवायची सभा दोघे बरोबरीचे असतील तरच चालते. आपल्या जुन्या पंचायतीत दलित किंवा विधवा बरोबरीने बोलू शकत नव्हते, हे पंचायतीचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे ती इथेच नोंदवतो. हलाखेची बाजू ग्रंथांतून आणि धर्मनिरपेक्ष बाजू कोर्टांच्या निकालांतून मांडली आहे. त्यामुळे एकीचा आदर्श आणि दुसरीचा व्यवहार अशी तुलना जागोजागी होते, आणि ती आदर्शाच्या फायद्याची असते. ज्यू समाजात हे नियम प्रत्यक्ष किती पाळले गेले, किती वळवले गेले, याचे एखादे प्रकरण हवे होते. दुसऱ्या आवृत्तीत ते यावे.

सगळे पुस्तक सलग वाचायची गरज नाही. फौजदारी वकिलांनी बचावावरची प्रकरणे आधी घ्यावीत. पौडला किंवा शिवाजीनगरला जमिनीची कामे करणाऱ्या तरुण वकिलांनी मात्र पैशाच्या दाव्यांवरचे प्रकरण आधी वाचावे, आणि पुढची कैफियत लिहिताना तो पहिला परिच्छेद एकदा खोडून, नाकारण्यासारखे तेवढेच नाकारून पाहावे. आठव्या आदेशाला तेच अपेक्षित आहे.